अठरा अटींचा लॅपटॉप

सरकारी कचेरीच्या भांडार शाखेत तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘पप्पा, आपण एक लॅपटॉप घेऊया ना’ असं कधीही म्हणू नये. म्हणायचंच असेल तर लॅपटॉपची गरज पडायच्या साधारण पाच वर्षं आधी म्हणावं. आम्रपाली ओव्हाळ, इयत्ता नववी, राहणार विश्रांतवाडी, हिने ते एक जुलैला सकाळी सव्वासात वाजता म्हटलं, आणि तिला लॅपटॉप त्याच महिन्यात हवा होता. तिथेच सगळं चुकलं.

पप्पांनी कप खाली ठेवला. “कशाला?”

आता खरं कारण सांगता येत नव्हतं, कारण खरं कारण समोर बसून चहात खारी बुडवत होतं.

झालं होतं असं की, एकतीस जुलैला भीमराव ओव्हाळ, वरिष्ठ लिपिक, सेवानिवृत्त होणार होते. दुपारी चार वाजता ऑफिसच्या सभागृहात निरोप समारंभ. शाल, नारळ, कचोरी, वेफर्स, आणि वरच्या साहेबांचं एक भाषण, जे ते प्रत्येकाला करतात आणि फक्त नाव बदलतात. (मागच्या वेळी तेही बदलायला विसरले होते.) हे आम्रपालीला मंजूर नव्हतं. शाळेच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन तिने केलं होतं, मध्येच माइक बंद पडला तरी न थांबता, आणि तेव्हापासून आपल्याला न जमणाऱ्या फारशा गोष्टी जगात उरलेल्या नाहीत असं तिचं मत झालं होतं. तर तिने ठरवलं, पप्पांवर एक फिल्म करायची. बारा मिनिटांची. समारंभात एकदम अंधार करायचा आणि लावायची. पप्पांना शेवटपर्यंत पत्ता लागू द्यायचा नाही.

खालच्या मजल्यावरच्या गुलजार चाचांची उम्मेहानी तिच्याच वर्गात. दोघींनी मे महिन्याच्या सुट्टीत ऑफिसच्या गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ठाण मांडलं. पप्पा दीड ते दोन डबा खातात, तो टेबलावरच, आणि त्या अर्ध्या तासात भूकंप झाला तरी ते दोनला पाच मिनिटं असतानाच उठतील. त्यामुळे काम सुरक्षित होतं. एकतीस माणसं पप्पांबद्दल बोलली. शूटिंग छान झालं. पण ते होतं मम्मीच्या जुन्या फोनवर, आणि फोनवर एडिटिंग करायला घेतलं की तिसऱ्या मिनिटाला तो इस्त्रीसारखा तापायचा आणि मान टाकायचा. शाळेची संगणक प्रयोगशाळा बंद होती, कारण तिच्यात बाकं ठेवली होती.

“शाळेच्या प्रोजेक्टला हवाय,” आम्रपाली म्हणाली. “व्हिडिओ एडिटिंग असतं त्यात.”

“मग अर्ज दे,” पप्पा म्हणाले.

तिला वाटलं, गंमत करतायत. तेहतीस वर्षांत पप्पांनी गंमत केल्याची नोंद कुठेही नाही, हे ती त्या घाईत विसरली.

पहिला अर्ज संध्याकाळी परत आला. समासात लाल पेनाने : ‘उद्देश स्पष्ट करावा.’ तिने लिहिलं, ‘उद्देश : शैक्षणिक.’ तोही आला. ‘शैक्षणिक म्हणजे नेमके काय?’ तिसऱ्या वेळी वैतागून तिने लिहिलं, ‘उद्देश : सर्वांगीण विकास.’ तो मंजूर झाला. सर्वांगीण विकासाला सरकारात आजवर कुणी हरकत घेतलेली नसावी.

“अहो,” मम्मी पोळी लाटता लाटता म्हणाली, “दुकानात जायचं, बघायचं, घ्यायचं आणि घरी यायचं. त्यात अर्ज कसला?”

“शर्मिला, खरेदी अशी होत नसते.”

“माझी पैठणी घेतली तेव्हा झाली होती.”

“तिचा रंग गेला.”

मम्मीने पुढची पोळी लाटायला घेतली, कारण रंग गेला होता.

*

पाच तारखेला ओव्हाळांच्या हॉलमध्ये खरेदी समितीची पहिली बैठक भरली. हो, समिती. अध्यक्ष पप्पा. सदस्य मम्मी, कारण कोरम भरत नव्हता. सदस्य गुलजार चाचा, कारण त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे आणि मशीन म्हणजे शेवटी मशीन. आणि सदस्य दुसऱ्या मजल्यावरच्या उल्का काकू, निवृत्त मुख्याध्यापिका. काकूंना शनिवार पेठेतून विश्रांतवाडीला येऊन बावीस वर्षं झाली, पण त्या अजून ‘सध्या इकडे असतो’ असं सांगतात.

पोहे झाले. पप्पांनी कोरा कागद पुढे ओढला, वर ‘तांत्रिक अटी’ लिहिलं, आणि खाली पट्टी लावून रेघ मारली.

आम्रपालीने तयारी केली होती. तीन रात्री तिने लॅपटॉपची माहिती सांगणारे व्हिडिओ पाहून एक मॉडेल नक्की केलं होतं. पातळ, राखाडी, देखणं. तिने उभं राहून, गॅदरिंगच्या आवाजात, त्याचं नाव सांगितलं.

“कंपनीचं नाव लिहिता येत नाही,” पप्पा म्हणाले.

“म्हणजे?”

“अटींमध्ये कंपनीचं नाव लिहिलं की विशिष्ट पुरवठादाराला झुकतं माप होतं. नुसते गुण लिहायचे.”

“पण पप्पा, मला तोच हवाय!”

“तेच तर. म्हणूनच लिहिता येत नाही.”

मग तिने गुण सांगितले. सोळा जीबी रॅम. एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड. रंग खरे दाखवणारी स्क्रीन. पप्पांनी चारही अटी सुवाच्य अक्षरात लिहिल्या आणि मान वर केली. “सदस्यांच्या काही सूचना?”

खरं तर तिथेच तिने आडवं पडून रडायला सुरुवात करायला हवी होती.

“अक्षरं मोठी हवीत, बटनांवरची,” उल्का काकू म्हणाल्या. “मला नव्हे. मी कशाला येतेय वापरायला. पण आलेच कधी, तर.”

“आणि देवनागरी पण छापलेली असावी,” त्यांनीच पुढे भर घातली. “एवढी मराठी शाळेतली मुलगी!”

“आकड्यांची बटनं उजवीकडे वेगळी असावीत,” पप्पा म्हणाले. पाच, सहा, सात.

“वरचं झाकण दणकट पाहिजे,” मम्मी म्हणाली. “टेबल एकच आहे घरात. चुकून त्यावर भाजीची पिशवी ठेवली तर दबायला नको.”

“मम्मी, चुकून का ठेवशील?”

“ठेवते मी. मला माहितीये ना माझं.”

आठ. गुलजार चाचा इतका वेळ दाढी खाजवत होते. आता ते किंचित लाजले. “भीमरावभाऊ, एक बोलू? सीडी घालायची जागा असेल ना त्याच्यात? आमच्या नसीमच्या आणि माझ्या निकाहची सीडी आहे. अठरा साल झाले, बघितलीच नाही. आता कुठे लागतच नाही कुठल्या मशीनला.”

आम्रपाली ताडकन पुढे सरकली. “चाचा, सीडी ड्राइव्ह आता लॅपटॉपला येतच नाही.”

“येत नाही असं कसं?” पप्पा म्हणाले. “आपण मागितलं नाही म्हणून येत नाही. मागणी नोंदवायची.” आणि नऊ नंबरला लिहिलं : ‘सीडी चालवण्याची सोय अंगभूत असावी.’

चाचांनी खिशातून रुमाल काढून डोळ्याला लावला. निकाहच्या सीडीला विरोध केला असता तर आम्रपाली इमारतीत तोंड दाखवू शकली नसती.

उरलेल्या नऊ अटी घालायला उल्का काकूंनी त्यांच्या भाच्याला, अभिनवला, व्हिडिओ कॉल लावला. तो हिंजवडीत कंपनीत आहे. त्याने एका दमात एवढ्या इंग्रजी गोष्टी सांगितल्या की पप्पांनी फक्त ज्या ऐकू आल्या त्या लिहिल्या. शेवटी अभिनव म्हणाला, “पण काका, एडिटिंगला एवढं बजेट कशाला, फोनवर होतं की आजकाल,” आणि नेटवर्क गेलं. नेटवर्कच्या देवाला आम्रपालीने हात जोडले.

एकूण अटी अठरा. चौघांच्या सह्या. बैठक साडेसहाला संपली.

*

“तीन दरपत्रकं हवीत. बंद लिफाफ्यात,” पप्पांनी सांगितलं. “आणि प्रत्येक अटीपुढे दुकानदाराने ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहून शिक्का मारायचा.”

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्रपाली आणि उम्मेहानी बसने बुधवार पेठेत गेल्या. तिथे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची रांगच रांग. पहिल्या दुकानात पाटी होती : ‘किंमत विचारून विचार करणाऱ्यांनी विचार घरून करून यावा.’ काउंटरवरच्या काकांनी अठरा अटी वाचल्या, चष्मा काढला, पुसला, परत वाचल्या.

“कुणी दिलं हे?”

“माझ्या पप्पांनी.”

“सरकारी?”

“हो.”

“मग बरोबर आहे,” म्हणून त्यांनी कागद परत दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

दुसऱ्या दुकानात एक ताई होत्या. त्यांनी आम्रपालीला हवा असलेला तोच पातळ राखाडी लॅपटॉप काढून दाखवला. स्क्रीनवर समुद्र होता. एवढा निळा समुद्र तिने कोकणातसुद्धा पाहिला नव्हता. ताई म्हणाल्या, “नऊ नंबर सोडला तर बाकी बरंचसं बसवता येईल.”

“नऊ नंबर सुटत नाही,” आम्रपाली म्हणाली.

“का?”

“अब्बूचा निकाह आहे त्यात,” उम्मेहानी खालच्या आवाजात म्हणाली. ताईंनी दोघींना पाणी दिलं.

अशी सात दुकानं झाली. आठवं एका बोळाच्या टोकाला, जिन्याखाली होतं. मालकांचं नाव बाबुराव. ते पाठमोरे बसून कशाला तरी डाग देत होते. मान न वळवता त्यांनी कागद घेतला आणि अठराच्या अठरा अटींपुढे टकाटक ‘होय’ लिहिलं.

“काका, सीडी ड्राइव्ह आहे?”

“आहे.”

“देवनागरी बटनं?”

“स्टिकर चिकटवून देतो.”

“आणि सोळा जीबी रॅम? वेगळं ग्राफिक्स कार्ड?”

“रॅम घालून देतो. कार्ड आहे. किती जुनं असावं ते लिहिलंय का तुमच्या पप्पांनी?”

आम्रपालीने कागद पाहिला. लिहिलं नव्हतं.

“मग झालं तर.” बाबुरावांकडे साधा लिफाफा नव्हता. त्यांनी दरपत्रक लग्नाच्या आहेराच्या लाल पाकिटात घातलं, ज्याच्यावर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं, आणि ते थुंकी लावून बंद केलं.

घरी पप्पांनी पाकीट उलटसुलट केलं. “एकच?”

“पप्पा, आख्ख्या पुण्यात एकच बसतोय या अटीत.”

“मग फेरनिविदा काढावी लागेल.”

“म्हणजे?”

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. इमारतीच्या जिन्यातल्या फळ्यावर सूचना लागली, ‘इच्छुकांनी सात दिवसांत दरपत्रके सादर करावीत’. ती वाचायला होतं कोण? दूधवाला, इस्त्रीवाला आणि तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा. सात दिवस आम्रपाली शाळेत जायची, यायची, फळ्याकडे बघायची. कॅलेंडरवर एकतीस तारखेभोवती तिने मनातल्या मनात केलेलं वर्तुळ रोज जवळ येत होतं. उम्मेहानी म्हणाली, “अंकलना सांगून टाक ना यार खरं.” पण सांगायचं कसं? ज्या माणसाला सरप्राइज द्यायचं त्यालाच, तुमचं सरप्राइज तुमच्याच टेबलावर अडकलंय, असं सांगायचं?

सातव्या दिवशी मुदत संपली. दुसऱ्या वेळीही एकच आलं तर ते उघडता येतं, असा नियम निघाला. (हा नियम कुणी केला असेल त्याचं भलं होवो.) समिती पुन्हा बसली, पुन्हा पोहे झाले. पप्पांनी पट्टीने पाकीट फाडलं आणि एका उमेदवाराचा तुलनात्मक तक्ता केला. एकच रकाना. त्यातही तो पहिला आला.

*

चोवीस तारखेला लॅपटॉप घरी आला. आला म्हणजे दोघांनी आणला. त्याचं वजन अट क्रमांक आठला शोभणारं होतं. मम्मीने लगेच त्यावर पाच किलो कणकेची पिशवी ठेवून पाहिली. झाकण हललं नाही. पप्पांनी पांढऱ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश आणला आणि झाकणावर, बरोबर मधोमध, ऑफिसातल्या खुर्च्यांवर असतं तसं रंगवलं : ‘ओव्हाळ / भांडार / १’. मग दोन पावलं मागे सरून त्यांनी मान तिरकी करून पाहिलं. त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की आम्रपालीला ओरडताही येईना.

लॅपटॉप सुरू व्हायला जेवढा वेळ घ्यायचा तेवढ्यात मम्मीचा कुकर व्हायचा. सुरू झाला की पंखा असा भणाणायचा की शेजारून विचारणा व्हायची, पाणी आलं का म्हणून. पण एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं! एकदा तर चाललंसुद्धा.

मग सहा दिवस आम्रपालीने जगाशी संबंध तोडले. शाळेतून आली की कानात इअरफोन कोंबायची, कारण पप्पांच्या ऑफिसातल्या माणसांचे आवाज घरात घुमले असते तर झालंच. पप्पा खोलीत डोकावले की ती पटकन पचनसंस्थेची आकृती समोर आणायची. पप्पा म्हणायचे, “अजून आतडंच चाललंय?” ती म्हणायची, “मोठं असतं पप्पा ते.”

इअरफोनमध्ये मात्र पप्पाच पप्पा होते. शिपाई भैरूमामा सांगत होते, ओव्हाळसाहेबांच्या टेबलावरून परत आली नाही अशी फाइल आपण तरी वाहिली नाही. झाडू-फिनेल पुरवणारे महिपती शेठ कॅमेऱ्याला घाबरून ‘देवमाणूस, देवमाणूस’ एवढंच तीन वेळा म्हणाले होते. आणि सुंदराबाई होत्या. त्यांचे यजमान ऑफिसात सफाईला होते, ते वारले. त्यांचं ऐकताना आम्रपाली दर वेळी एडिटिंग थांबवून नुसतीच बसायची.

सव्वीस तारखेला गुलजार चाचा सीडी घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट, अत्तर. मागे नसीम चाची डोक्यावर पदर घेऊन. नाही कसं म्हणणार? सीडी आत गेली. घरघरली. स्क्रीनवर एक सेकंद एक शामियाना दिसला, त्यात कुणाचा तरी खांदा, आणि सगळं थिजलं. सीडी बाहेर येईना. एडिटिंगचं दोन दिवसांचं कामही येईना.

“खांदा तुझ्या मामूचा होता,” चाची चाचांना म्हणाल्या.

“नाही, माझाच होता,” चाचा म्हणाले. वाद घालत दोघं आनंदाने खाली गेले.

आम्रपालीने बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. मग तोंड धुऊन दोन दिवसांचं काम पुन्हा केलं. तीस तारखेला संध्याकाळी फिल्म जुळली. आता फक्त ती यंत्रातून बाहेर काढायची होती. तिने बटन दाबलं. लॅपटॉपने विचार केला आणि सांगितलं : उरलेला वेळ, तेवीस तास. मग म्हणाला नऊ तास. मग म्हणाला एकेचाळीस.

एकतीसला सकाळी सत्तर टक्के झाले होते. पप्पा नवा शर्ट घालून, डबा घेऊन, नेहमीच्या बसने शेवटचं ऑफिसला गेले. दुपारी तीन वाजता ब्याण्णव टक्के. मम्मी, आम्रपाली आणि उम्मेहानी रिक्षात बसल्या, लॅपटॉप उघडाच, तिघींच्या मांडीवर आडवा.

“काय शिजतंय काय हो?” रिक्षावाल्याने विचारलं, कारण मागून ऊब येत होती.

“फिल्म,” मम्मी म्हणाली. “खड्डे चुकवा.”

*

शंभर टक्के झाले ते सभागृहाच्या मागच्या दारात, चार वाजायला दहा मिनिटं असताना. उम्मेहानीने तिला एवढी घट्ट मिठी मारली की शाळेचा बॅज टोचला. आणि अहो आश्चर्य! ऑफिसचा प्रोजेक्टर एवढा जुना होता की नव्या कुठल्याच लॅपटॉपला त्याची वायर लागली नसती. ओव्हाळ / भांडार / १ ला ती टच्चकन बसली. आयुष्यात पहिल्यांदा आम्रपालीला वाटलं, समितीला काहीतरी कळत होतं.

शाल झाली. नारळ झाला. साहेबांनी भाषणात न भरून येणारी पोकळी निर्माण केली. पप्पा पहिल्या रांगेत हार गळ्यात घालून, पाहुण्यांच्या खुर्चीत अगदी काठावर बसले होते. मग दिवे गेले. पडद्यावर अक्षरं आली : ‘भीमराव ओव्हाळ, भांडार शाखा.’ पप्पा दचकले. पाठोपाठ भैरूमामांचा चेहरा आला, हातात चहाचा ग्लास. भैरूमामांनी तोंड उघडलं.

आवाज नाही.

आम्रपालीने आवाजाचं बटन दाबलं. दाबत राहिली. आवाज पूर्ण होता. फक्त येत नव्हता. आणि मग तिला कळलं. सहा दिवस ती इअरफोन लावून बसली होती. या लॅपटॉपच्या स्पीकरमधून कधी काही ऐकलंच नव्हतं. अठरा अटी! सीडी, आकडे, कणकेची पिशवी, देवनागरी. आवाज यावा, असं अठरापैकी एकाही अटीत नव्हतं. बाबुरावांनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं.

तिने इअरफोन खुपसून तो माइकसमोर धरला. सभागृहात काडेपेटीत कोंडलेल्या डासाचा आवाज घुमला. लोक कान चोळू लागले. कुणी म्हणालं पेनड्राइव्ह. कुणी म्हणालं ऑफिसच्या संगणकाला पेनड्राइव्ह चालत नाही, परिपत्रक आहे. साहेबांनी घड्याळ पाहिलं. पडद्यावर भैरूमामा मुकाट्याने बोलतच होते, आणि आम्रपालीला जमिनीत जायचं होतं, सिमेंट फोडून, पायापर्यंत.

“थांबा, थांबा,” दाराशी किल्ल्या घेऊन उभे असलेले खरे भैरूमामा म्हणाले. “मी काय बोललोय ते मला पाठ आहे. दोन दिवस तयारी केली होती.” आणि ते पुढे येऊन पडद्याशेजारी उभे राहिले. “तर, ह्या टेबलावरून परत आली नाही अशी फाइल म्या तरी वाहिली नाही. चपला झिजल्या. पण एकदा पुढं गेलेली फाइल वरून परत आली, असं बी कधी झालं नाही.”

टाळ्या पडल्या. पडद्यावर महिपती शेठ आले, तशी मधल्या रांगेतून महिपती शेठ स्वतः उठले. त्यांचं पडद्यावरचं तोंड ‘देवमाणूस’ म्हणत होतं. ते म्हणाले, “ते वर काय बोलतोय त्याच्याकडं बघू नका. सात महिने! सात महिने माझं फिनेलचं बिल ह्यांनी अडवलं. का, तर कागदात झाकण निळं होतं आणि बाटल्यांना आलं हिरवं!” सभागृह खदखदलं. पप्पांच्या ओठांवर पुटपुट दिसली, ‘हिरवंच होतं’. “पण सात महिन्यांत ह्या माणसाने माझा एक कप चहा घेतला नाही. मी रोज विचारायचो. एक कप!” मग ते खाली बसले.

मग कुणी थांबायलाच तयार नाही. ज्याचा चेहरा येईल तो उठायचा. कुणी वर बोललेलंच म्हणे, कुणी भलतंच. सुंदराबाई उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा येऊन, जाऊन, पुढचे दोघंही होऊन गेले होते.

“जय भीम,” त्या म्हणाल्या. “मालक गेल्यावर पेन्शनीच्या कागदापायी ह्यांनी मला चार बारी माघारी धाडलं. म्या लई शिव्या दिल्या. तोंडावर दिल्या. पाचव्या बारीला म्या गेलेच नाही. तर हे आले. येरवड्याला, माझ्या दारात, सुट्टीच्या दिवशी. सतरंजीवर बसून सगळे कागद पुरे केले. म्हणले, मावशी, आता परत यायचं काम पडणार नाही. नाही पडलं.”

कचोरीची ताटली कुणीतरी हळूच खाली ठेवली, ती ऐकू आली.

शेवटचा फोटो पप्पांच्या टेबलाचा होता. पट्टी, लाल पेन, रिकामा डबा. त्यावर आम्रपालीचा स्वतःचा आवाज होता, चौदा वेळा रेकॉर्ड केलेला. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती उभी राहिली. लिहिलेलं एक वाक्य आठवेना.

“माझ्या पप्पांनी माझा अर्ज दोनदा परत केला,” ती म्हणाली. “उद्देश स्पष्ट करावा, म्हणून. मला तेव्हा तो लिहिता येत नव्हता. पप्पा, उद्देश हा होता.”

दिवे लागले. पप्पा उठले. हार सारखा केला, चष्मा काढला, शालीच्या टोकाने पुसला, परत घातला. सगळे भाषणाची वाट बघत होते.

“म्हणजे या खरेदीचा लाभार्थी मी होतो?” त्यांनी विचारलं.

“हो, पप्पा.”

“आणि समितीचा अध्यक्षही मीच.”

आम्रपालीने मम्मीकडे पाहिलं. मम्मीने डोळे मिटून घेतले.

“मग ही खरेदी नियमबाह्य आहे,” पप्पा म्हणाले आणि त्यांचा आवाज मध्येच फाटला.

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. साहेबसुद्धा. तेहतीस वर्षांत ओव्हाळांनी पहिला विनोद केला, असं जो तो एकमेकांना सांगत होता. ओव्हाळांनी विनोद केलेला नाही, हे तिथे फक्त दोघींना माहीत होतं.

घरी आल्यावर पप्पांनी हातपाय धुतले, आणि टेबलाशी बसून म्हणाले, “दाखव पुन्हा.” इअरफोनचं एक टोक त्यांच्या कानात, एक तिच्या. वायर आखूड, त्यामुळे डोकी जवळजवळ टेकलेली. पूर्ण बारा मिनिटं त्यांनी पाहिली. सुंदराबाईंचं तेवढं तीनदा मागे घ्यायला लावलं.

एक ऑगस्टला सकाळी सव्वासात वाजता जिन्यातल्या फळ्यावर नवी सूचना लागली होती. समिती बरखास्त. नवीन समितीच्या अध्यक्ष उल्का काकू. अटी एकोणीस, शेवटची, ‘आवाज सर्वांना ऐकू यावा’. नऊ नंबर कायम होता. जुना लॅपटॉप ‘सीडी अडकलेल्या स्थितीत’ गुलजार चाचांकडे वर्ग केला होता.

“निवृत्त कोण झालं म्हणे काल?” काकूंनी दुधाची पिशवी घेता घेता विचारलं.

वर पप्पांनी आम्रपालीपुढे कोरा कागद सरकवला. तिने आढ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मम्मीकडे पाहिलं. सुटकेचा मार्ग नव्हता. तिने लिहिलं : ‘उद्देश : माझ्या पप्पांची फिल्म माझ्या पप्पांना इअरफोनशिवाय ऐकवणे.’

पप्पांनी लाल पेनाचं टोपण काढलं. वाचलं. बराच वेळ वाचलं. मग काहीही न लिहिता टोपण परत लावलं.

“ठीक आहे,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “तीन प्रतींत दे.”